विरुद्धार्थी शब्द आणि भावोजी

इंग्रजी शब्दांचे विरुद्धार्थी शोधण्याचे काम रात्री साडेनऊच्या आधी निघत नाही. दप्तर भरता भरता चिरंजीवांना आठवते, की मिसनी उद्यासाठी 'ऑपॉझिट्स' दिले आहेत. अशा वेळी घरातल्या सर्वांत आत्मविश्वासू माणसाला बोलावू नये, हा पहिला नियम. आमच्याकडे तो पाळता येत नाही, कारण तो माणूस न बोलावता येतो. भावोजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, राहायला वरच्याच मजल्यावर, आणि सोसायटीचा प्रत्येक इंग्रजी अर्ज त्यांच्या हातचा. पुढचे मार्गदर्शन त्यांच्या पद्धतीचा अभ्यास करूनच तयार केले आहे.

ती पद्धत अशी: शब्दाआधी 'अन' लावायचा आणि ठणकावून उच्चारायचा. 'हॅपी'चे 'अनहॅपी' होते, तर 'पॉसिबल'चे 'अनपॉसिबल' का होऊ नये? होत नाही, कारण लॅटिनमधून आलेले बरेच शब्द 'इन' लावून घेतात, आणि हा 'इन' पुढचे अक्षर बघून रूप पालटतो. ब, म, प आले की 'इम', ल आला की 'इल', र आला की 'इर'. म्हणून इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. वाक् अधिक मय बरोबर वाङ्मय हे ज्याने शाळेत घोकले, त्याला यात नवल वाटायला नको. भावोजींना वाटते. "इंग्रजांना कसले आलेत संधी-समास?" असे म्हणून ते पुढच्या शब्दाला 'अन' लावतात.

मात्र 'इन' दिसला की नकार आला, असेही धरून चालू नये. पेट्रोलच्या टँकरवर मागे 'हायली इन्फ्लॅमेबल' लिहिलेले असते. त्याचा अर्थ 'अजिबात न पेटणारे' असा घेऊन कोणी तिथे बिडी शिलगावू नये. तो 'इन' नकाराचा नव्हेच, 'फ्लॅमेबल' आणि 'इन्फ्लॅमेबल' दोन्ही सारखेच पेटतात. 'इनव्हॅल्युएबल' वस्तू 'व्हॅल्युएबल'पेक्षा महाग. आणि 'इनफेमस' माणूस अप्रसिद्ध नसतो, चांगला गाजलेला असतो. कशासाठी, ते विचारू नये.

'टेबल'ला विरुद्धार्थी नाही. 'चेअर' लिहू नये.

'किंग'पाशी भांडण ठरलेले. मराठीच्या वहीत राजा, मग गुणाकाराची फुली, मग रंक असे लिहून वाढलेला माणूस छातीठोकपणे 'बेगर' सांगतो. मिसना 'क्वीन' हवी असते. ही खरे तर लिंगबदलाची जोडी, पण पहिल्या इयत्तांत दोन्ही याद्या एकमेकींत मिसळतात. तत्त्व भावोजींचे बरोबर, मार्क क्वीनला. पालकांनी मार्कांच्या बाजूने राहावे.

'डिसग्रन्टल्ड'चा 'डिस' खुडून 'ग्रन्टल्ड' करू नये. विनोदी लेखक वुडहाउसने १९३८ मध्ये हा विनोद केला, पण त्याची वही कोणी तपासत नव्हते. 'अँटोनिम' हा शब्दच मुळी १८६७ मध्ये सी. जे. स्मिथ या इंग्रजाने आणला. त्याआधी इंग्रजांची पोरे या वेळेला झोपत असावीत.

आता एक गोष्ट भावोजींकडूनच शिकावी. 'लाइट' आला की ते उत्तर देत नाहीत, पोरालाच विचारतात, "कशाचा लाइट? वाक्य कर आधी." पिशवी लाइट असेल तर 'हेवी', रंग लाइट असेल तर 'डार्क'. 'हार्ड' उशीचे उलट 'सॉफ्ट', 'हार्ड' पेपरचे 'ईझी'. 'ओल्ड' शर्टासमोर 'न्यू', 'ओल्ड' माणसासमोर 'यंग'. आणि विशेषणासमोर विशेषणच: 'ब्रेव्ह'ला 'कॉवर्ड' नाही, 'कॉवर्डली'. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो, पोरगाही जांभई विसरतो, आणि वरून ताईची "अहो, झोपू द्या त्याला" अशी हाक आली तरी कोणी उठत नाही. हा माणूस आयुष्यभर कालव्यांची बिले तपासत का बसला, कळत नाही.

सर्व उत्तरे पेन्सिलीने लिहावीत. भावोजी पेनाचा आग्रह धरतील. पेन सापडत नाही म्हणावे. ते जिना चढून गेले की खोडरबर काढावे आणि 'अन'वाले तेवढे पुसावेत. 'लाइट', 'हार्ड', 'ओल्ड' यांना हात लावू नये.