दहा हजारच!

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या गावाला ठरवून दिलेल्या मर्यादांचं कौतुक कमीच. उन्हाळ्यात आमचा पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो आणि थंडीत कृषी विद्यापीठातलं तापमान पेपरात झळकतं. असल्या गावात कॉम्प्युटरच्या बसला 'इतक्याच वेगानं चाल' म्हटलं, तर ऐकणार कोण?

ही बस स्टँडवरची नव्हे. मदरबोर्डवर प्रोसेसर, मेमरी आणि कार्डं एकमेकांशी जिच्यावरून बोलतात, ती वाट. तिला ठरलेला ठेका असतो. १९९८ साली सेलेरॉन ३००ए आला, तेव्हा तो ठेका ६६ मेगाहर्ट्झचा होता आणि प्रोसेसर त्याच्या साडेचार पट, म्हणजे ३००वर चाले. बस १००वर नेली की तोच प्रोसेसर ४५०! फुकटात दीडपट मिळतंय म्हटल्यावर ही बातमी नानलपेठेत पोचायला कितीसा वेळ लागणार?

ज्यांना १०० पेलत नव्हतं, ते ७५ आणि ८३ असे आडनिडे आकडे लावत. गोम अशी, की त्या बोर्डांवर पीसीआय कार्डांना मूळ ठेक्याचा ठरावीक हिस्सा मिळे. ६६चा निम्मा ३३, १००चा तिसरा हिस्सा ३३. दोन्हीकडे कार्डं खूश. ८३चा निम्मा मात्र साडेएक्केचाळीस. प्रोसेसर आनंदात आणि हार्डडिस्क बेशुद्ध! आमच्या ओळखीतला एक पठ्ठ्या भर मे महिन्यात डबा उघडा टाकून त्यावर घरातला कूलर लावून बसे. त्याच्या वडिलांनी तो उन्हाळा गच्चीवर काढला. पुढं मशीन अडलं, की बसचा वेग ठरवणारा जंपर कुणी आणि का हलवला, हे कुणालाच सांगता येत नसे. पठ्ठ्या तोवर पुण्याला गेलेला.

आता भाच्यानं उलटी गंमत केली. मानवतच्या शिवारात दाजींची कपाशी. भाच्यानं मोटारीच्या खोलीत रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर बसवला आणि हवेचं तापमान, ओलावा मोजणारा सेन्सर पंधरा मीटर लांब, पिकात नेऊन टांगला. मग मला फोन.

"मामा, सगळं जोडलंय, पण ते बोलना गेलंय."

बोलणार कसं? हे दोघं ज्या आय-टू-सी बसवर बोलतात, ती फिलिप्सनं १९८२मध्ये आणली ती एकाच उपकरणाच्या पोटातल्या चिपा जोडायला. कपाशीच्या सरीतून न्यायला नव्हे. तिच्या तारांवर शून्य सांगायचं असेल तर चिप तार खाली ओढते. एक सांगायचा असेल तर चिप नुसती हात सोडते, आणि तार वर चढवायचं काम रेझिस्टर करतो. खाली ओढायला जो तो तयार, वर न्यायला एकटा बिचारा. अगदी ग्रामपंचायतीसारखी रचना. त्यात तार जितकी लांब, तितकी तिची धारिता, म्हणजे वीज साठवून धरायची क्षमता, जास्त. नियम ४०० पिकोफॅरडपर्यंतचा. नेटवर्कची पंधरा मीटर केबल साडेसातशेच्या आसपास जाते. म्हणजे रेझिस्टर बापडा तार पुरती वर चढवतो न चढवतो, तोच पुढचा ठोका हजर.

उपाय सोपा. शेतावर जाऊन पाहिलं, तर सेटिंगच्या फाइलीत वेग होता एक लाख हर्ट्झ. तो दहा हजार केला आणि सेन्सर पोपटासारखा बोलू लागला.

भाचा मात्र खट्टू. "मामा, एक लाख, चार लाख असे स्टँडर्ड आकडे असतात. दहा हजार बघून लोक हसतील की ओ!"

"हसू देत. एका वेळच्या मोजणीला शे-सव्वाशे बिट लागतात. दहा हजारानं ते दहा-बारा मिलिसेकंदांत येतात, आणि तू मोजणार पंधरा मिनिटांनी एकदा. उरलेल्या वेळात काय करायचंय त्यानं?"

ते पटलं. मग मी त्याला आकड्याच्या वर, हॅशची खूण देऊन, एक ओळ लिहायला लावली. त्यानं लिहिली: 'वायर पंधरा मीटर हाय, म्हणून दहा हजारच. वाढवू नये.' नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी हुशार येणार, आडनिडा आकडा चूक समजून 'दुरुस्त' करणार, आणि सेन्सर पुन्हा मौनात.

दाजी दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "लिवलं ते लई बेस केलं. आमच्या आज्यानं पाइपलाइनचा जोड कुठं गाडलाय तेवढं लिवून ठेवलं असतं, तर मागल्या साली आर्धं रान खंदावं लागलं नसतं."