अव्वल कारकुनांनी घेतलेली जबानी

रडण्यासाठी आपल्या समाजाने काही स्थळे व काही प्रसंग मुक्रर करून ठेवले आहेत, आणि त्या तजविजीत लहान मुलांची गणना करावयाची मात्र राहून गेली आहे. आमच्या खानदेशात सासुरवाशिणींसाठी आखाजीचा सण आहे. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून सासूनणंदांचे आणि प्रसंगी प्रत्यक्ष पतिराजांचे उणेदुणे गाण्यातून काढतात, व झोका हलता असल्यामुळे त्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारीत नाही. पुरुषांची सोय चित्रपटगृहाच्या अंधाराने केली. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ साली पडद्यावर आला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि तो पाहताना किती मिशाळ गृहस्थांनी उपरण्याची टोके भिजविली याची नोंद कोणत्याही दप्तरी नाही. तेच गृहस्थ घरी परतल्यावर, गुडघा फुटून रडणाऱ्या चिरंजीवांना ‘मुलीसारखा रडतोस काय?’ म्हणून दटावीत असणार, याविषयी मात्र मला तिळमात्र संशय नाही.

ही उणीव भरून काढण्याचे अलीकडे सरकारनेच मनावर घेतले. २०२४ साली राज्यातील शाळांसाठी ‘आनंददायी शनिवार’ निघाला, आणि ताणतणाव व भावना हे विषय शनिवारच्या दप्तरात जाऊन बसले. त्याची झळ आमच्या तळोद्यात शेजारच्या नातवास लागली. त्याचे आजोबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला, हे त्यांच्या आयुष्यातील महाभारत. शनिवारचा तो भावनांचा विषय घरीही चालवावा असे त्यांच्या मनाने घेतले, आणि नातू घुम्यासारखा वागतो असे दिसताच त्यांनी त्यास पडवीत खुर्चीसमोर उभे केले, चष्मा चढविला, आणि ‘मनात असेल ते निर्भयपणे सांग’ असे अशा आवाजात फर्माविले की कठड्यावरील मांजर उडी मारून पसार झाले.

“काही नाही, आजोबा.”

“काही नाही म्हणजे? राग आहे की दुःख आहे?”

या दोहोंपैकी कोणत्या कलमास शिक्षा कमी, हे न उमजल्यामुळे मुलाने “भूक लागली” असा खुलासा केला, आणि जबानी तेथेच आटोपली.

आता, मुलांच्या अंतःकरणाशी ज्यांचा खरा परिचय होता ते साने गुरुजी आमच्याच खानदेशात, अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या मूळ पुस्तकात त्यांनी श्यामला आपले रडगाणे प्रकरणांतून नव्हे, रात्रींतून सांगावयास लावले आहे. यात मोठे मर्म आहे. मुलाचे मन समोरासमोर उघडत नाही. अंधार तरी लागतो, नाही तर हात आणि डोळे दुसऱ्या कामात गुंतलेले लागतात.

शेजारच्या आजींनी हे पुस्तक वाचलेले नाही. त्या त्याच संध्याकाळी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगांचे सूप घेऊन बसल्या, आणि नातू आपोआप शेजारी टेकला. शेंग बोटांत धरावी, टोकाशी दाबावी, दाणा वाटीत आणि टरफल फडक्यावर पडावे, असा काही वेळ गेला; आजींनी मान वर केली नाही, प्रश्न विचारला नाही. मग एक शेंग नको तितका वेळ चाचपीत मुलगा अहिराणीत पुटपुटला, “तो आते मन्हासंगे बोलत नही.” तो म्हणजे बाकावरचा जिवलग मित्र, जो आता दुसऱ्या बाकावर बसू लागला होता. आजी म्हणाल्या, “हं.” या एका हुंकारावर पुढची सारी हकीकत, डोळ्यांतील पाण्यासह, बाहेर आली असती, परंतु दाराआड उभ्या असलेल्या अव्वल कारकुनांना धीर निघाला नाही. “उद्याच्या उद्या मुख्याध्यापकांकडे अर्ज देतो, बाक पूर्ववत करून घेतो!” असे गर्जत ते बाहेर आले, आणि मुलगा पुन्हा काही नाही, भूक लागली, यावर आला.

आजींनी पतिराजांना दूर घालविले नाही. त्यांना शेजारी बसविले, पुढ्यात शेंगा लोटल्या, आणि ‘सोललेले दाणे लगेच तोंडात टाकायचे’ असा हुकूम केला, ज्याची अंमलबजावणी आजतागायत इमानाने चालू आहे. तरी वाचकांपैकी ज्यांना नातवंडाचे मन जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी बाजारातून शेंगा आणताना, स्वतःचे तोंड भरलेले राहील इतक्या जास्त आणाव्यात.