राणीचा गाल

रात्री साडेदहाला नानांचा फोन आला की विषय एकच असतो. "झोपलास काय? फोटो टाकलाय तुला. राणीच्या गालावर काय दिसतंय ते सांग."

राणी म्हणजे व्हिक्टोरिया. १८८५ चा राणीछाप रुपया कुणीतरी ऑनलाइन विकायला काढलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'एक्सएफ कंडिशन, अतिदुर्मिळ'. (एक्सएफ, व्हीएफ, एफ या नाण्याच्या झिजेनुसार उतरत्या पायऱ्या.) मी डोळे चोळत बघतो. मला गाल दिसतो. तसं सांगितलं की पलीकडून उसासा. "अरे, झिजलाय तो! नाणं आधी उंचवट्यावर झिजतं. गाल, कानावरचे केस, मुकुटातले खडे. खडे मोजता आले तर एक्सएफ म्हणायचं. हिच्या मुकुटाची पगडी झालीये. हा व्हीएफसुद्धा नाही, नुसता एफ." आणि फोन बंद. माझी झोप गेलेली, राणीचा हुद्दा गेलेला.

नाना एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. सातारा-मेढा शेवटच्या गाडीत दिवा नसला तरी तळहातावर पडलेलं नाणं खोटं आहे हे त्यांना न बघता कळायचं. खोटा रुपया देणाऱ्याला ते काही बोलत नसत; तोच रुपया सुट्ट्यांत घालून त्याला परत करत. तिकीट पंच करायच्या चिमट्यात एकदा त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख सापडलं, त्याची काळी रेघ अजून आहे. ती ते निवृत्तिवेतनापेक्षा अभिमानानं दाखवतात.

अशा माणसावर काचेवर बोटं फाकवून नाणं बघायची पाळी आली, यातच त्यांच्या म्हातारपणाचं सगळं दुःख आलं. स्क्रीनला वजन नाही. स्क्रीन फरशीवर आपटून खणखणीत वाजवता येत नाही (एकदा वाजली, दुरुस्तीला अठराशे रुपये). म्हणून नानांनी फोटो वाचायची विद्या कमावली. एकच बाजू दाखवली, तर दुसऱ्या बाजूला डाग. दोन्ही बाजू दाखवल्या आणि कडा नाही, तर कधीकाळी कडी डाखून गळ्यात घातलेला रुपया. आपल्याकडे माळेतून सुटलेले रुपये काय थोडे आहेत? लाल मखमलीवर पिवळ्या दिव्यात ठेवला असेल, तर बघूच नये. सगळीकडे सारखाच पांढराशुभ्र असेल, तर घासलेला. मूळ झळाळी नाणं तिरकं केलं की चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते, म्हणून नाना विक्रेत्याकडे व्हिडिओ मागतात. आणि झीज की मुळात ठसाच कच्चा बसला, हा वाद निघाला की त्यांचा आवाज चढतो. "झिजलेल्या जागी चमक मरते. कच्च्या ठशात चमक जागेवर असते, नक्षी नसते. एवढं साधं आहे!"

एकदा त्यांनी दोन वेगवेगळ्या नावांच्या विक्रेत्यांना एकाच रात्री पकडलं. नाण्यावरून नाही. दोन्ही फोटोंत नाणं धरणारा अंगठा एकच होता.

वजनावर मात्र त्यांची अतोनात श्रद्धा. जुना चांदीचा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. ते प्रत्येकाला विचारतात, "वजन किती?" एकानं उत्तर दिलं होतं, "एक रुपया." नानांनी त्याला ब्लॉक केलं, पण ते उत्तर तोळ्याच्या हिशेबानं बरोबर होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

राजांमध्ये त्यांना सर्वांत जास्त त्रास सातव्या एडवर्डचा. १९०३ ते १९१० च्या त्याच्या रुपयावर डोक्याला मुकुट नाही आणि माणसाला टक्कल. "झीज कुठं संपते आणि टक्कल कुठं सुरू होतं, हे सांगायला न्हावी लागेल," असं म्हणून ते एडवर्डला सरळ पुढे ढकलतात. पंचम जॉर्जचं वेगळंच. १९११ च्या रुपयात त्याच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणी मागे घेतली आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. तेव्हापासून १९११ ला भाव आहे. आता गंमत अशी, की वापरून वापरून सोंड झिजली की कुठल्याही सालच्या हत्तीचं डुक्कर होतं. त्यामुळे १९१८ चा गुळगुळीत रुपया 'दुर्मिळ डुक्करछाप' म्हणून रोज कुणीतरी विकतो आणि नाना रोज त्याच्याखाली लिहितात, "मागच्या बाजूला साल वाचा." रामदरबाराचं १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं दिसलं, तर तेवढंही लिहीत नाहीत. कंपनीनं ते कधी पाडलंच नाही.

मी एकदा सुचवलं, की अमेरिकेतल्या संस्थांकडून तपासून डबीत सीलबंद झालेली नाणी घ्या; शेल्डन नावाच्या माणसानं १९४९ मध्ये काढलेल्या मापानं ती ७० पैकी गुण देतात. नाना विचारात पडले. "सत्तरपैकी? उरलेले तीस तोंडी परीक्षेचे काय?"

आता त्यांच्या या कठोर न्यायाची दुसरी बाजू. फोटोतला रुपया 'फार तर व्हीएफ' ठरवून, तासभर घासाघीस करून नाना तोच घेतात. कुरिअरवाला येतो, पाकीट फुटतं, आणि रुपया तळहातावर पडताक्षणी एक्सएफ होतो. "फोटोत कळत नव्हतं रे. हातात बघ!" मी हातात बघतो. गाल तिथेच असतो, झीजही तिथेच असते. पण नानांच्या तळहातावर आलेलं नाणं एक पायरी चढतं, हा नियम मी अकरा वेळा बघितलाय.

बाराव्या वेळी काकूंनी घोळ केला. लक्ष्मीपूजनाला चांदीचा रुपया हवा म्हणून त्यांनी नानांचा सगळ्यात लाडका, सव्वाशे वर्षांचा करडा-निळसर रंग चढलेला राणीछाप घेतला, पांढऱ्या दंतमंजनानं चोळला आणि चकचकीत करून पाटावर ठेवला. नाना आरती म्हणता म्हणता थांबले. भिंगाखाली बघितलं तर राणीच्या गालावर केसासारख्या बारीक रेघाच रेघा. तीन दिवस ते काकूंशी बोलले नाहीत. काकूंचं म्हणणं एकच, "वर्षभर काळी पडलेली बाई, मी तिचं तोंड धुतलं."

चौथ्या दिवशी नानांनी स्वतःच तो रुपया विकायला काढला. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात, काकूंच्या लाल शालूवर ठेवून फोटो काढला. मजकूर मला टाइप करायला सांगितला: 'एक्सएफ. घरात जपलेला. स्वच्छ.' मी म्हटलं, "नाना, व्हिडिओ?" ते म्हणाले, "उगाच डेटा जातो." दोन तासांत नागपूरहून कुणीतरी विचारलं, गालावर रेघा आहेत का? नानांना फार लागलं. "लोकांना पारख राहिली नाही," म्हणाले.

रुपया अजून गेलेला नाही. ऑनलाइन बघताना लाल शालूवरचा राणीछाप समोर आला आणि तो धरणाऱ्या उजव्या अंगठ्याच्या नखावर काळी रेघ दिसली, तर कृपा करून कडेचा फोटो मागू नका. व्हीएफचा भाव सांगा. तेवढ्यात देतील.