आजोबांची मुंज, सन 2024

दिवाळीला सगळी भावंडं जमली की फराळानंतर अल्बम निघतात आणि एखादा उत्साही पुतण्या घोषणा करतो, ‘‘हे सगळं डिजिटाइज करून टाकू!’’ चहा येईपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, त्यात अंगठे उमटतात आणि काम अर्थातच पुतण्याच्या गळ्यात पडतं.

पहिला अडथळा खुद्द अल्बमचा. 1970-80च्या दशकांत घरोघरी आलेल्या चिकट पानांच्या अल्बममधला डिंक कालांतराने पिवळा पडतो आणि फोटोला सोडायला तयार होत नाही. नखाने ओढावं, तर आजीचा अर्धा शालू पानावरच राहतो. जाणकार अशा वेळी दात साफ करायचा धागा फोटोखालून अलगद सरकवायला सांगतात. तरीही निघाला नाही, तर पानासकट स्कॅन करावा.

त्या काळच्या अनेक रंगीत प्रिंटमधला निळसर रंग अंधारातही आधी विरतो. म्हणून कपाटात जिवापाड जपलेल्या साखरपुड्याच्या फोटोत नवरीच काय, व्याहीसुद्धा लाजून लाल झालेले दिसतात. कृष्णधवल पणजोबा मात्र ठणठणीत असतात, कारण त्यांची प्रतिमा चांदीच्या कणांची असते.

‘‘मोबाइलने फोटोचा फोटो काढ की!’’ असा सल्ला काका देतात. त्यात ट्यूबलाइट नेमकी नवरदेवाच्या कपाळावर येते. साध्या स्कॅनरवर पोस्टकार्डाएवढा फोटो 600 डीपीआयला उत्तम येतो. 35 मिमीच्या निगेटिव्हला 2400 किंवा त्याहून जास्त लागतं. मूळ फाइल टिफमध्ये ठेवावी, वाटायला जेपेग करावी. ती काकांना नेहमीसारखी पाठवली, तर व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि चार फॉरवर्डनंतर आजीची नथ कुठे संपते नि नाक कुठे सुरू होतं, ते कळत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते.

खरी गंमत पुढे. स्कॅन केलेल्या फाइलवर तारीख पडते स्कॅनची. ती बदलली नाही, तर आजोबांची मुंज 2024 सालची ठरते आणि वर्षाने फोन त्या सोहळ्याची आठवण करून देतो. चेहरे ओळखणारं ॲप आजोबा आणि नातू समोरासमोर मांडून विचारतं, ‘ही एकच व्यक्ती आहे का?’ घराण्याचं नाक यंत्रालाही चकवतं.

मग ग्रुप फोटोतला डावीकडून तिसरा माणूस कोण, यावर सभा भरते. आत्या म्हणते इंदूरचे मामा, काका म्हणतात आचारी. वाद मिटवायला फोटो उलटावा. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेलं साल सापडू शकतं. ती बाजूही स्कॅन करावी आणि नावं फाइलच्या माहितीत भरावीत.

एवढं करून सगळं एकाच ठिकाणी ठेवणं धोक्याचं. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण 1 जून 2021ला संपली. आता फुकट मिळणाऱ्या 15 जीबीत जीमेलही नांदतं. लग्नाची सीडी जपून ठेवलेली असते, पण ती घालायला नव्या लॅपटॉपला खाचच नसते. म्हणून प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, म्हणजे बहिणीच्या कपाटात. मूळ फोटो रद्दीत घालू नयेत.

या दिवाळीला चकलीच्या ताटासोबत आत्यापुढे अल्बम आणि फोटोमागे नावं लिहायला मऊ पेन्सिलही ठेवा. बॉलपेन नको, त्याचा वळ फोटोच्या पुढच्या बाजूला उमटतो.