तारण: एक टू बीएचके

बारावीच्या विज्ञान शाखेत व्यस्त प्रमाणाचे बरेच नियम शिकवतात, पण निकालानंतर सर्वाधिक उपयोगी पडणारा नियम तेवढा अभ्यासक्रमात नाही. तो असा: गुण जितके कमी, फी तितकी जास्त. आयआयटीत जाण्यासाठी मुलाने दोन-तीन वर्षे झोप सोडली तर तिथली शिकवणी फी वर्षाला २ लाख. घरचे उत्पन्न १ लाखाच्या आत असेल किंवा मूल अनुसूचित जाती-जमातीचे असेल, तर तीही माफ. उत्पन्न १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. कटऑफ थोडक्यात हुकला, तर पुण्याच्या १८५४ सालच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या १८८७ सालच्या व्हीजेटीआयत खिसा फारसा फाटत नाही. कटऑफ बराच हुकला की मग खरी मागणी सुरू होते. काचेची इमारत, परदेशी विद्यापीठाशी करार, फाटकापाशी हेलिपॅडएवढे हिरवळीचे वर्तुळ आणि वर्षाला सगळे मिळून ५ लाख. या शेवटच्या वास्तूला आपल्याकडे ‘ड्रीम कॉलेज’ म्हणायची पद्धत पडली आहे. स्वप्न कोणाचे, हे माहितीपुस्तिकेत दिलेले नसते.

वैद्यकीय शिक्षणात हा नियम अधिक शुद्ध स्वरूपात पाहायला मिळतो. २०२५ साली नीट दिली सुमारे २२ लाख मुलांनी, पात्र ठरली १२ लाखांहून अधिक आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. खुल्या गटासाठी पात्रतेची खालची रेषा होती ७२० पैकी १४४. म्हणजे एका जागेमागे जवळपास दहा पात्र डॉक्टर रांगेत उभे. या रांगेतून जागेपर्यंत कोण पोहोचणार हे सरकारी महाविद्यालयात गुण ठरवतात, आणि वर्षाला २० लाखांच्या वर फी घेणाऱ्या अभिमत विद्यापीठात पुढचे लोक फी ऐकून आपणहून बाजूला होतात. मागचा मग अदबीने पुढे सरकतो. प्रवेशासाठी देणगी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे, हे इथे आदराने नमूद केले पाहिजे. वसंतदादा पाटलांनी १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा कर्नाटकात जाणारा मुलांचा आणि पैशांचा ओघ थांबावा, असा युक्तिवाद होता. तो ओघ थांबला. आता बाहेरचे इकडे येतात.

कर्ज काढून मोठ्या कॉलेजात जावे की नाही, हा प्रश्न आपण अमेरिकेकडून जसाच्या तसा उचलला आहे, आणि घोटाळा तिथेच झाला आहे. तिकडे प्रवेशाला सर्वांत कठीण असलेली बरीच विद्यापीठे छापील दरानेही सर्वांत महाग. त्यामुळे तिथल्या पालकाला खरोखर पेच पडतो: नाव घ्यावे की पैसे वाचवावेत? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली या पेचाचा एक नामी अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे गुण सारखे होते आणि ज्यांना सारख्याच दर्जाच्या विद्यापीठांनी घेतले वा नाकारले होते, अशा मुलांची त्यांनी तुलना केली. काही जण नामांकित ठिकाणी गेले, काही कमी नावाच्या. पुढे दोन्ही गटांच्या कमाईत फारसा फरक पडला नाही. म्हणजे पगार मुलाच्या कुवतीला मिळत होता, श्रेय मात्र कॉलेजची कमान घेत होती. याला एक अपवाद निघाला, आणि तो महत्त्वाचा आहे: गरीब घरातल्या मुलांना नामांकित ठिकाणी गेल्याचा खरोखर फायदा झाला. आपल्याकडच्या ड्रीम कॉलेजांचे समुपदेशक हा अपवाद तेवढा तोंडपाठ करून टेबलामागे बसलेले असतात. पण डेल आणि क्रूगर निवडीच्या कठीणपणाबद्दल बोलत होते, आणि आपल्याकडे कठीण आणि महाग या दोन गोष्टी बहुधा एका पत्त्यावर राहत नाहीत. जिथे गेल्याने गरिबाचे भले होते तिथे फी माफ आहे, आणि जिथे फी भरण्यासाठी घर गहाण पडते तिथे शिरायला ‘निवड’ नावाची अडचण फारशी येत नाही.

ही गोष्ट पालकाला पटत नाही, पण बँकेला केव्हाच पटली आहे. शैक्षणिक कर्जाचा अर्ज हा देशातला कॉलेजांविषयीचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज म्हणावा लागेल, कारण त्यात बँकेचे स्वतःचे पैसे अडकतात. सरकारी बँका कॉलेजांच्या याद्या ठेवतात. पहिल्या यादीतल्या आयआयएम-आयआयटीसाठी तारण नको आणि व्याजही कमी. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही त्याच वळणाची आहे: एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीवरून निवडलेल्या (सुरुवातीला ८६०) संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण नको आणि जामीनदारही नको. या याद्यांबाहेरच्या कॉलेजात जायचे असेल, तर साडेसात लाखांच्या वर बँक मान वर करून विचारते, ‘फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?’ या प्रश्नाचा अर्थ नीट लावला पाहिजे. पहिल्या बाबतीत बँकेचा विश्वास कॉलेजवर आहे, दुसऱ्या बाबतीत कोथरूडच्या टू बीएचकेवर. मूल काय शिकणार, कोणाकडून शिकणार, याच्याशी बँकेला कर्तव्य नाही. तिने जागा पाहिली, सोसायटीचे ना-हरकत पत्र पाहिले आणि मंजुरी दिली. मंजुरीचे पत्र हातात पडले की घरी पेढे आणले जातात. बँकेनेही आपल्या कॉलेजवर शिक्कामोर्तब केले, असा त्या पेढ्यांमागचा समज असतो. शिक्कामोर्तब झालेले असते ते फ्लॅटच्या इंडेक्स टूवर.

आता हिशेब. चार वर्षांच्या बी.टेक.साठी दरवर्षाच्या सुरुवातीला ५ लाख याप्रमाणे २० लाख उचलले आणि व्याज १० टक्के धरले. शिक्षणाच्या काळात आणि नंतरच्या एका वर्षात हप्ता नाही, म्हणून घरात आनंद असतो. व्याज मात्र सुट्टीवर जात नाही. सरळ व्याजानेही पाच वर्षांत ७ लाख चढतात, आणि पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज २७ लाख झालेले असते. पंधरा वर्षांच्या मुदतीने हप्ता बसतो २९,०१४ रुपये. मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसमधून घाऊक भरती करताना वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, आणि हा आकडा गेली कित्येक वर्षे एखाद्या संरक्षित स्मारकासारखा जसाच्या तसा उभा आहे. महिन्याला झाले २९,१६६. पीएफ वगैरे कापायच्या आधीच १५२ रुपये उरतात, त्यात पुण्यातली खोली, जेवण, बस आणि लग्नासाठीची बचत बसवायची. एकूण परतफेड ५२ लाखांच्या वर. व्याजावर ८०ई कलमाखाली आठ वर्षे प्राप्तिकरात वजावट मिळते, असे टेबलावरून आवर्जून सांगतात. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि साडेतीन लाखांवर कर मुळात लागतच नाही. नसलेल्या करातून सूट मिळण्याचे समाधान त्यामुळे उपभोगायचे राहते ते राहतेच.

यावर समुपदेशकाचे उत्तर तयार असते: आमच्याकडे सर्वोच्च पॅकेज ४४ लाखांचे आहे. असेल. एका मुलाला मिळालेही असेल, आणि त्याचा फोटो महामार्गावरच्या फलकावर तीन वर्षे ऊन-पाऊस सोसत उभाही असेल. सरासरी पॅकेज त्याहून फसवे, कारण असे दोन-चार मोठे आकडे आपल्या पाठीवर अख्ख्या वर्गाला घेऊन वर चढतात. विचारायचे असते ते मध्यक वेतन, म्हणजे पगारांच्या रांगेत बरोब्बर मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार. गंमत अशी की हा आकडा गुपित नाही. एनआयआरएफच्या क्रमवारीसाठी प्रत्येक संस्थेला दरसाल किती मुले वेळेत पदवीधर झाली, किती नोकरीला लागली आणि त्यांचे मध्यक वेतन काय, हे लिहून द्यावे लागते, आणि तो तक्ता संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असतो. फलकाचा फाँट आणि त्या तक्त्याचा फाँट यांची तुलना मात्र कोणत्याही पालकाने करू नये, डोळ्यांना त्रास होतो.

मुख्य आक्षेप अर्थात उदात्त आहे: शिक्षण म्हणजे का पगाराची चिठ्ठी? मुळीच नव्हे. पण हा आक्षेप ‘१०० टक्के प्लेसमेंट’ छापणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही, आणि कर्जदाराच्या तर अजिबातच नाही. शिक्षणाचे पगारापलीकडचे जे मोठेपण आहे, म्हणजे संशोधनाकडे वळणे, कमी पैशाचे पण मनाजोगे काम धरणे, दोन मित्रांनी मिळून काहीतरी सुरू करणे, नको ती नोकरी सोडून देणे, ते सगळे महिन्याच्या ५ तारखेला हप्ता कापला जाण्याच्या भीतीत पहिल्यांदा मरते. बावीस वर्षांच्या मुलाला साहसाची मुभा हवी असेल तर त्याच्या डोक्यावर २७ लाख ठेवू नयेत, इतके तरी उदात्त लोकांनी मान्य करावे. दुसरा आक्षेप ओळखींचा. नामवंत ठिकाणी आयुष्यभराचे नेटवर्क मिळते, हे खरे आहे. पण अवघड परीक्षेतून आलेल्यांची संगत वेगळी आणि एकाच आकाराचे चेक फाडणाऱ्या वडिलांच्या मुलांची संगत वेगळी. दुसऱ्या संगतीतली मुले पुढे आपापल्या घरच्या धंद्यात जातात, आणि तिथल्या केबिनला आधीच नाव लागलेले असते. त्यांच्याबरोबर चार वर्षे गोव्याच्या सहली करण्याचा खर्च कर्जाच्या अंदाजपत्रकात धरलेला नसतो, तो क्रेडिट कार्डावर वेगळा निघतो.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र मान द्यावा लागतो. सरकारी कॉलेजे म्हणजे काही स्वर्ग नव्हे. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, यंत्रे संग्रहालयात शोभावीत अशी, आणि तिथे शिरायला लागणारी ‘गुणवत्ता’ लातूर, पुणे नाहीतर कोट्यातल्या क्लासेसमध्ये पैसे मोजूनच घडवावी लागते. क्लासची फी न परवडणाऱ्या मुलाला तुझे गुण कमी पडले असे सांगणे हा निर्लज्जपणा आहे, आणि त्याचा दोष सरकारच्या खात्यावर जातो. पण त्यावर इलाज म्हणून त्याच मुलाला त्या फीच्या कित्येक पटींचे कर्ज सुचवणे हा निर्लज्जपणाचा दुसरा मजला झाला. शिवाय ज्याच्यासाठी गळा काढला जातो, त्या गरिबासाठीच्या सवलती कुठे लागू आहेत ते पाहावे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शंभर टक्के फीमाफी राज्याने २०२४-२५ पासून दिली. त्या निर्णयातून अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत. म्हणजे ज्या मुलीला गावाजवळच्या साध्या कॉलेजात शिकवणी फी भरावी लागली नसती, तिला स्वप्नाच्या नावाखाली पूर्ण दराच्या दाराशी आणून उभे केले जाते, आणि त्याला मुलींचे सक्षमीकरण म्हणतात.

कर्ज काढूच नये, असा याचा अर्थ कोणी काढला तर तो बँकेवर अन्याय होईल. जिथे बँक तारणाशिवाय पैसे देते आणि मध्यक वेतनातून हप्ता जाऊन घरभाडेही सुटते, तिथे बेलाशक काढावे. तिथे कर्ज टाळणे हाच भित्रेपणा. बाकीच्या ठिकाणी एक छोटी सूचना करता येईल. प्लेसमेंटची एवढी खात्री असेल तर कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून बापाच्या जागी संस्थेने सही करावी. मुलगा नोकरीला लागला नाही तर हप्ता ट्रस्ट भरेल. संस्थेकडे फ्लॅट नसेल, पण टेकडी असते, इमारती असतात, अध्यक्षांचा साखर कारखानाही असतो. बँकेला तारण म्हणून त्यांतले काहीही चालावे. पुढच्या कॅप प्रवेशफेरीच्या आधी एखाद्या पालकाने माहितीपुस्तिका मिटून समुपदेशकाला एवढेच विचारून पाहावे, की तुम्ही जामीन राहता का. तो बहुधा म्हणेल, चला, आधी तुम्हाला स्विमिंग पूल दाखवतो.