पटसंख्या दोन

माझे सासरे, म्हणजे आमचे अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. जून उजाडला की वाड्यावस्त्या पालथ्या घालायच्या, हंगामात ऊसतोडीच्या खोपटांवर जायचं, वीटभट्टीवर जायचं आणि दिसेल ते पोर उचलून वर्गात आणून बसवायचं, हे त्यांनी इतक्या मनापासून केलं की काही गावांत त्यांची सायकल दिसली तरी पोरं उसात पळायची. अशा माणसाची सख्खी नातवंडं सकाळी साडेदहाला, ऐन शाळेच्या ठोक्याला, कराडच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर उताणी पडून पेरू खात असतात. अण्णा पेपर वाचत नाहीत. पेपर तोंडासमोर धरतात.

हे कसं झालं ते फार सांगण्यासारखं नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अख्खा महाराष्ट्र घरी शिकू लागला. पुढे शाळा उघडल्या तेव्हा अख्खा महाराष्ट्र परत गेला, आमची थोरली तेवढी राहिली. मोबाइलवरच्या शाळेत तिने बाईंचा आवाज बंद करून स्वतःच्या वेगाने पुस्तक संपवायची सोय शोधून काढली होती आणि खऱ्या वर्गात ते बटण नसतं हे तिला ठाऊक होतं. त्याच काळात माझ्या नवऱ्याने ‘तोत्तोचान’ वाचलं. चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद इतका गोड आहे की त्याने आठवड्यात तो दोनदा वाचला. घरात कुणी शेअर बाजारावरचं पुस्तक वाचलं तर फार तर पैसे जातात. हा सहकारी बँकेतला माणूस पुस्तक मिटून म्हणाला, “आपण हिला घरीच शिकवूया.” ‘आपण’ म्हणजे घरी कोण असतं हे मी विचारलं नाही, कारण मी घरी बसून लोकांची जीएसटीची कामं करते.

थोरलीकडे निदान शाळा सोडल्याचा दाखला आहे. धाकट्याने शाळा कधी धरलीच नाही, त्यामुळे सोडल्याचाही पुरावा नाही. याचं महत्त्व अण्णांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावलं. दहावीला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसायचं तर तो दाखला जोडावा लागतो. म्हणजे शाळेत न जाता परीक्षा द्यायची असेल तर आधी शाळेत गेलेलं असावं लागतं. नवऱ्याने तोडगा म्हणून एनआयओएसचं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं माहितीपत्रक आणलं. ही संस्था १९८९ पासून चालू आहे, वय १४ पूर्ण झालं की दहावीला बसता येतं, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि पाच वर्षांत नऊ संधी. अण्णांनी चष्मा काढला. “नऊ? आमच्या वेळी पोरं एका ऑक्टोबरच्या वारीत बापाचा मार खाऊन शहाणी व्हायची.”

कायद्यावरून दोघांची जुगलबंदी अजून चालू आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. अण्णांनी तो राबवलेला, त्यामुळे कलमं तोंडपाठ. ते कलम १० टाकतात: सहा ते चौदा वयाच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. नवरा त्यावर राज्यघटनेतलं ५१-क चढवतो. तिथे पालकाने शिक्षणाची संधी द्यावी असं म्हटलंय, शाळेचं नाव नाही. एकदा मी मध्ये पडून विचारलं, की अण्णा, कर्तव्य केलं नाही तर त्या कायद्यात पालकाला शिक्षा काय आहे? अण्णा थोडा वेळ गप्प बसले. शिक्षा लिहिलेलीच नाही. “नाही लिहिली,” ते म्हणाले, “ती मी देतो,” आणि त्या दिवसापासून आमच्या घरी परिपाठ सुरू झाला.

साडेसातला ताट वाजतं. दोन मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी राहतात. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, पंचांग, दिनविशेष. मॉनिटर आळीपाळीने, मॉनिटर असणाऱ्याने उरलेल्या एकाला शिस्त लावायची. हजेरीसाठी अण्णांनी लांबट वही आखली आहे आणि तिच्यावर ‘एकूण पट : २’ असं ठसठशीत लिहिलंय. नवरा हसला तेव्हा अण्णा म्हणाले, “हसू नकोस. वीसच्या आत पट गेला की शाळा बंद करायची नाहीतर समूहशाळेत मिसळायची चर्चा होते. तुझी शाळा उद्घाटनाआधीच संपली आहे.” सासूबाईंचं या सगळ्यावर एकच धोरण आहे: काय शिकायचं ते शिका, पण ताटं वाजवून पोचे पाडू नका.

धाकटा या व्यवस्थेत पार मुरला. एका थंडीच्या सकाळी ताट वाजलं तरी तो उठला नाही, पांघरुणातून एक कागद बाहेर आला. ‘मा. मुख्याध्यापक यांसी, माझ्या पोटात दुखत असल्यामुळे मी आज परिपाठास हजर राहू शकत नाही, तरी रजा मंजूर व्हावी. आपला आज्ञाधारक.’ खाली पालकांची सही म्हणून माझं नाव, र्‍हस्व-दीर्घासकट चुकीचं. अण्णांनी लाल पेनाने आधी ते दुरुस्त केलं आणि मग रजा मंजूर केली. शुद्धलेखनाचा एवढा चांगला तास मी आजवर घेतलेला नाही.

दिनविशेषाचं खातं थोरलीकडे आहे आणि ती ते शस्त्रासारखं वापरते. २३ एप्रिलला तिने पंडिता रमाबाईंचा जन्मदिवस जाहीर केला, १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आईने मुलीला शिकवलं, रमाबाई कुठल्याही शाळेत गेल्या नाहीत आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. एवढं सांगून ती आजोबांकडे बघत राहिली. अण्णा अजिबात डगमगले नाहीत. “त्यांच्या आईला संस्कृत येत होतं. तुझ्या आईला जीएसटी येतं.”

ते खरंच आहे. महिन्याच्या वीस तारखेला ३बी भरायची मुदत असते, तेव्हा अठरा ते वीस या तारखांना आमच्याकडे जो विषय चालतो त्याला ‘स्वयंअध्ययन’ म्हणतात. या विषयात मुलांनी आजवर मिक्सर उघडला, भिंतीवर कोयना धरण काढलं आणि एकदा बालभारतीच्या संकेतस्थळावरून चौथीची सगळी पुस्तकं उतरवून घेऊन माझ्या मोबाइलची जागा संपवली. बारा वाजता कुणीतरी “आई, कणीक मळू का?” असं विचारलं की मी ‘हो’ म्हणते आणि साडेबाराला त्याचा पश्चात्ताप करते.

कोयनेचं मात्र वेगळं आहे. पावसाळ्यात कराडकरांच्या मोबाइलवर देवांच्या फोटोंच्या खालोखाल धरणाच्या पाणीपातळीचे निरोप येतात. साठा इतके टीएमसी, पायथा वीजगृहातून विसर्ग १०५० क्यूसेक, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. धाकट्याने विचारलं, क्यूसेक म्हणजे किती? सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास. मग त्याने आमची बादली मोजली. पंधरा लिटर. मग वही घेऊन बसला तो जेवायलाच उठला नाही. संध्याकाळी निकाल जाहीर झाला: नुसत्या एका जनित्राचं पाणी दर सेकंदाला जवळजवळ दोन हजार बादल्या. रोजची एक बादली धरली, तर एका सेकंदात त्याच्या साडेपाच वर्षांच्या आंघोळी वाहून जातात. एवढ्या नासाडीत आपण भर घालणं बरोबर नाही, म्हणून त्याने आंघोळ बंद ठेवली. धरणात मावतं १०५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि त्याचे लिटर करताना शून्यं ओळीबाहेर गेली, तेव्हा अण्णांनी न राहवून वही ओढली. “शून्यं अशी सांडायची नसतात,” म्हणत त्यांनी त्याला घातांक शिकवले. घातांक कुठल्या इयत्तेत येतात हे त्या क्षणी त्यांच्याही ध्यानात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना एकमेकींना समोरासमोर येऊन भिडतात आणि मग काटकोनात वळून निघतात, ते पाणी बघत धाकट्याने विचारलं, “एवढं आहे, तर आपल्या नळाला करंगळीएवढी धार का?” हा प्रश्न नागरिकशास्त्राचा असल्यामुळे आम्ही त्याला भेळ घेऊन दिली.

बाहेरच्या जगाला दोनच प्रश्न येतात. पहिला मुलांना: “कितवीला?” रिक्षावाले काका, दवाखान्यातल्या सिस्टर, लग्नातल्या अनोळखी आत्या, सगळे हाच विचारतात. थोरली आता “साधारण सहावी-सातवी” म्हणून मोकळी होते. धाकटा मात्र प्रामाणिकपणे “गणितात का मराठीत?” असं विचारतो आणि समोरचं माणूस माझ्याकडे सहानुभूतीने बघतं. मग परीक्षा. शाळेत जाणाऱ्या पोरांना लग्नात कुणी पाढे विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या पोरांना अक्षता पडायच्या आत सतराचा पाढा म्हणावा लागतो.

दुसरा प्रश्न मला: “पण ती चारचौघांत मिसळणार कशी?” याचं उत्तर मला खालच्या मजल्यावरच्या वहिनींना द्यायचं असतं, पण धीर होत नाही. आमची दोघं साडेपाचला बॅट घेऊन खाली उतरतात. चारचौघं त्या वेळी शाळेतून येऊन क्लासला गेलेली असतात, तिथून अबॅकसला, आणि आठ वाजता होमवर्कला. आमची मुलं मिसळायला तयार आहेत, मिसळण्यासाठी कुणी शिल्लक नाही. म्हणून ती वॉचमनकाकांबरोबर खेळतात. काकांची ऑफस्पिन चांगली आहे.

असं चाललेलं असताना एक दिवस सकाळी अकराला दाराची बेल वाजली. शाळाबाह्य मुलांचा शोध घ्यायला एक गुरुजी आणि अंगणवाडीच्या ताई आल्या होत्या. दार उघडलं धाकट्याने, हातात पळी, कारण त्या दिवशी वरण त्याच्याकडे होतं.

“बाळ, शाळेत नाही गेलास?”

“मी जात नाही.”

गुरुजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. आख्खी कॉलनी फिरून त्यांना पहिला शाळाबाह्य सापडला होता. ते आत आले, कोचावर अण्णा दिसले आणि फॉर्म तसाच टाकून ते अण्णांच्या पाया पडले. अण्णांनीच त्यांना दुसरी ते चौथी शिकवलेलं.

४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात असं सर्वेक्षण झालं होतं. त्याआधी ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी, जिच्यात पोरांच्या बोटाला शाई लावली होती, ती तर अण्णांनी स्वतः केलेली. आता त्यांच्याच चेल्याने त्यांच्याच घरात त्यांच्याच नातवाचं नाव लिहायचं होतं. अण्णांनी घसा साफ केला. “लिही. नियमाने चाल.”

गुरुजी कारणांच्या रकान्यावर आले. “स्थलांतर? नाही. घरची आर्थिक अडचण?” त्यांनी फ्रिजकडे बघितलं. “नाही. भावंडांना सांभाळणं?”

“ताई मला सांभाळते,” धाकटा म्हणाला, “पण नीट नाही.”

“घरकाम, मजुरी?” पळीतून वरण फरशीवर ठिबकत होतं. अंगणवाडीच्या ताई माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या. मी पळी काढून घेतली.

शेवटी ‘इतर’. तिथे काय लिहायचं यावर दोघा गुरुजींनी चहा संपेपर्यंत खल केला. मग पाहुण्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज उतरवला.

“गुरुजी, एक विचारू? माझ्या शाळेचा पट एकोणीस झालाय. एक पोर मिळालं तर वीस, दोन्ही दिलीत तर एकवीस. वस्ती आडबाजूला आहे, मी गाडीवरून नेईन-आणीन.”

कायदा, कलम १०, राज्यघटना सगळं बाजूला राहिलं. अण्णांच्या डोळ्यांत जुना उजेड आला. एका पोरासाठी माणूस काय काय करतो हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. ते नातवाकडे बघायला लागले, आणि मला वाटलं, गेला हा.

“रोज खिचडी असते?” नातवाने चौकशी सुरू केली.

“असते की.”

“आणि तुमची मुलं पण तिथेच असतात?”

प्रश्न निरागस होता. गुरुजी चहाच्या रिकाम्या कपाकडे बघत म्हणाले, “ती इंग्लिश मीडियमला आहेत. बस येते न्यायला.”

अण्णांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. “मग शाळेत शिकवायला किती जण?”

“मी एकटाच गुरुजी. चार इयत्ता. त्यात ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराचा हिशेब, आणि आता हे सर्वेक्षण.”

“आज वर्गावर कोण आहे?”

गुरुजी काही बोलले नाहीत. अण्णा उठले, आत गेले आणि पायजमा बदलून बाहेर आले.

तेव्हापासून आमच्या घरातलं एक माणूस शाळेत जायला लागलं आहे. गुरुजी दहाला गाडी घेऊन येतात आणि अण्णा मागे बसून जातात. मानधन घेत नाहीत, सुट्टीही घेत नाहीत. घरचा परिपाठ बंद पडला. आज तिथी कोणती हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पट तिथेही वाढलेला नाही, पण धाकटा मधूनमधून आजोबांबरोबर पाहुणा म्हणून जातो आणि परत येऊन सांगतो की खिचडी बरी असते आणि आजोबा तिथे घरच्यापेक्षा कमी ओरडतात.

मुलं घरी ठेवण्याचा जो एक फायदा मी मनाशी धरून होते, तो मी नवऱ्यालाही कधी सांगितला नव्हता. सकाळी उठून डबा करावा लागत नाही. आता साडेनऊला मी पोळ्या लाटत असते आणि सत्तरीचे अण्णा पिशवी खांद्याला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभे असतात. “भाजी कोरडी दे. काल रस्सा हजेरीवर सांडला. आणि चार पोळ्या जास्तीच्या घाल, चौथीतलं एक पोर डबा आणत नाही, त्याला खिचडी आवडत नाही म्हणे.”

“त्याला काय आवडतं?”

“ते तूच ठरव. होमस्कूलिंगवाली तू आहेस.”