चुकून जुहू

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून विमानाने टपाल घेऊन मुंबईतल्या जुहू विमानतळावर उतरले, ते ठरवून. पुढे जुहूचं नाव झालं ते न ठरवता आलेल्यांमुळे! १९५३ साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं कॉमेट, म्हणजे जगातलं पहिलं प्रवासी जेट, सांताक्रूझ विमानतळ समजून इथेच टेकलं. मग हाकेच्या अंतरावरच्या सांताक्रूझला जायला त्याला हलकं करून, आखूड धावपट्टीवरून पुन्हा उडवावं लागलं. (एवढ्या जवळचं भाडं आजचा रिक्षावालाही घेत नाही.) १९७२मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८नेही हाच पत्ता गाठला, आणि धावपट्टी संपली तरी ते थांबेना. माणसं वाचली, विमान भंगारात गेलं. चौपाटीच्या इतकं जवळ येऊन सांताक्रूझला जातंय कोण, असं जुहूकर म्हणाले असतील तर त्यांचंही बरोबरच.